जात्यापाशी बोललेली माया

कष्टांचे साहित्य आणि मायेचे साहित्य असे दोन वेगळे प्रवाह मानण्याची सवय वाचकांना असते आणि कधी कधी अभ्यासकांनाही ती सुटत नाही. एका प्रवाहात दुष्काळ, उपासमार, छळ आणि अन्याय यांची गणना होते, तर दुसऱ्यात आई, लेकरू, बहीणभाऊ आणि घरातला ओलावा यांची. ही वाटणी काही कादंबऱ्या आणि कविता वाचताना उपयोगी पडत असली, तरी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतल्या बायकांनी शतकानुशतके रचलेल्या जात्यावरच्या ओव्यांपुढे ती टिकत नाही. या ओव्यांमध्ये माया ही कष्टांतून घटकाभर मिळालेली सुटका नसून, कष्ट चालू असताना, त्या कष्टांच्याच लयीत आणि त्यांनीच मिळवून दिलेल्या मोकळिकीत उच्चारलेली गोष्ट आहे. दळणाचे काम आणि त्या वेळी बोलले गेलेले मन यांचा संबंध नीट पाहिल्याशिवाय या ओव्यांची थोरवी कळत नाही. पुढे ज्या मराठी कवितेने आणि गद्याने या ओव्यांचा वारसा घेतला, त्यांचेही मर्म त्याशिवाय हाती लागत नाही.

आरंभ दळणापासूनच करणे योग्य ठरेल, कारण आजच्या वाचकांपैकी पुष्कळांनी जाते पाहिले असले तरी ते रोज ओढलेले नाही. जात्याचा खालचा दगड जमिनीवर स्थिर असतो आणि वरचा दगड मधल्या खुंटीभोवती फिरतो. वरच्या दगडाच्या मध्यभागी असलेल्या तोंडातून धान्याची मूठ आत सोडली जाते, ज्याला वैरणे म्हणतात, आणि कडेला ठोकलेल्या लाकडी खुंट्याला धरून तो दगड ओढावा लागतो. दगडाचा खरबरीतपणा झिजला की पीठ भरड पडू लागते आणि मग टाकी लावणाऱ्याकडून त्या दगडांना पुन्हा टाकी लावून घ्यावी लागते. दळण हे आठवड्यातून एकदा उरकून टाकण्याचे काम नव्हते, आणि त्यामागे धान्याचा गुणधर्मही होता. बाजरीच्या पिठात स्निग्धांश जास्त असल्यामुळे ते थोड्याच दिवसांत कडू होते, आणि ज्वारीच्या शिळ्या पिठाची भाकरी थापताना चिरते. त्यामुळे देशावरच्या घरात पीठ ताजेच लागे आणि ते रोज किंवा दिवसाआड दळावेच लागे. मावळात आणि कोकणात नाचणीच्या दळणाला भाताच्या कांडणाची जोड असे. म्हणजे बाई सासरी आल्यापासून हातपाय थकेपर्यंत हे काम तिच्या मागे राही, आणि शेतावर जायच्या आधी ते उरकायचे म्हणून त्याची वेळ पहाटेच्या अंधाराची असे.

घर निजलेले असताना दोघी जणी, बहुधा जावाजावा, सासू-सून किंवा शेजारणी, जात्याच्या दोन बाजूंना समोरासमोर बसत. एक पाय पसरलेला, दुसरा दुमडलेला, एकाच खुंट्यावर दोघींचे हात आणि बाजूला सुपात पाखडून ठेवलेले धान्य. तान्हे मूल असेल तर ते पसरलेल्या पायावर झोपलेले असे आणि आईच्या अंगाबरोबर तेही पुढे-मागे हलत राही. जात्याची घरघर, खुंटा जवळ ओढताना आत घेतलेला श्वास आणि तो पुढे ढकलताना सोडलेला श्वास यांतून गाण्याची लय ठरत असे. ओवीचा चरण लांबवावा लागला की ‘बाई’, ‘सई’, ‘बया’ असे एखादे संबोधन त्यात घातले जाई; पहिली ओळ पुन्हा पुन्हा घोळवली जाई आणि दुसऱ्या ओळीत काय येणार हे समोरच्या बाईला कळेपर्यंत हातातली मूठ वैरून होत असे. अशा रचनेत घाईला जागाच नव्हती.

जात्यावरची ओवी साधारणपणे दोन ओळींची, शेवटी यमक जुळवणारी आणि स्वतःपुरती पूर्ण असते. संतांनी ग्रंथरचनेसाठी वापरलेली ओवी, जिला अभ्यासक ग्रांथिक ओवी म्हणतात, ती चार चरणांची असून तिच्या पहिल्या तीन चरणांत यमक असते आणि चौथा चरण आखूड असतो. 1290 मध्ये सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी याच छंदात आहे. परंतु बायकांची ओवी ग्रंथांहून जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 1129 च्या सुमारास रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात महाराष्ट्रातल्या स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी नोंद आढळते. राजसभेतल्या पंडितांच्या कानापर्यंत पोहोचण्याइतके हे गाणे त्या काळी रुळलेले होते आणि ते कामाशीच जोडलेले होते, एवढे या नोंदीवरून निश्चित कळते. मराठीतल्या सर्वांत मोठ्या तत्त्वकाव्याने उखळा-जात्यापाशी गायला जाणारा छंद स्वीकारला, या घटनेचा अभिमान बाळगताना तो छंद आधी कोणाच्या श्वासावर तोलला गेला होता, याची आठवण मराठी वाङ्मयाच्या इतिहासात अधिक ठळकपणे राहायला हवी होती.

दळणाची वेळ ही सासुरवाशिणीला बोलण्याची मुभा देणारी जवळजवळ एकमेव वेळ होती. लहान वयात लग्न होऊन आलेल्या मुलीने वडीलधाऱ्यांसमोर मोठ्याने बोलायचे नाही, नवऱ्याचे नाव घ्यायचे नाही, माहेरची आठवण उघडपणे काढायची नाही, असे अनेक निर्बंध घराघरांत होते. 1929 च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय 14 ठरवले, हे पाहिले म्हणजे त्याआधी आणि कायदा धाब्यावर बसवून त्यानंतरही किती कोवळ्या मुली त्या खुंट्याला हात लावत असतील, याची कल्पना येते. दिवसभर तोंड मिटून वावरणारी ही मुलगी पहाटे मात्र गाऊ शकत होती, कारण गाणे हा कामाचाच भाग मानला जाई आणि काम थांबत नाही तोवर गाण्याला हरकत घेण्याचे कारण कोणालाच नव्हते. पलीकडच्या खोलीत सासू जागी असली तरी ओवी तिला उद्देशून म्हटलेली नसे; ती जात्याला, देवाला, दूरच्या आईला किंवा समोरच्या सईला उद्देशून असे, आणि ऐकणाऱ्याने काय समजायचे ते समजून घ्यावे लागे.

दळणाची सुरुवात देवाच्या, गावातल्या दैवतांच्या आणि पुष्कळदा पंढरीच्या विठोबाच्या ओव्यांनी होते. अनेक ओव्यांत विठोबा देव कमी आणि नातलग जास्त वाटतो. त्यानंतर ओवी माहेराकडे वळते आणि तिथे ती सर्वांत जास्त रेंगाळते. आईच्या हातची चव, तिने डोक्याला लावलेले तेल, लेकीला निरोप देताना वेशीपर्यंत आलेले तिचे पाऊल, अशा अगदी लहान लहान गोष्टी ओव्यांत पुन्हा पुन्हा येतात. सणाला बहिणीला न्यायला येणारा भाऊ, ज्याला मुराळी म्हणतात, त्याची वाट पाहणे हा तर ओव्यांचा अखंड विषय आहे. त्याची बैलगाडी, तिच्या बैलांच्या गळ्यातले घुंगूर, त्याला बसायला टाकलेली घोंगडी, त्याच्यासाठी केलेला स्वयंपाक आणि सासरच्यांपुढे त्याचा मान राहावा म्हणून बहिणीने केलेली धडपड हे सारे तिथे आहे. या भावाची श्रीमंती ओव्यांत वाढवून सांगितलेली असते. वास्तवात तो हंगामाच्या कामात अडकलेला, कदाचित कर्जातही बुडालेला आणि बहिणीला एक खण देतानाही ओढाताण होणारा शेतकरी असे. परंतु बहिणीच्या तोंडून तो राजासारखा होऊन येतो, कारण सासरच्या घरात तिची पत त्याच्या येण्यावर अवलंबून होती. अशा ओवीतली माया भाबडी नसते. घरात आपल्याला काय स्थान आहे आणि ते कशाच्या आधारावर टिकते, हे त्या बाईला पुरते ठाऊक होते.

आईच्या मृत्यूनंतरच्या ओव्यांत हे ज्ञान आणखी कठोर होते. आई गेली की माहेरची वाट असते, पण वाटेच्या टोकाला वाट पाहणारे कोणी नसते. भाऊ असतो, पण घर आता भावजयीचे असते आणि आलेल्या नणंदेचे ताट किती लवकर वाढले जाते यावरून तिला आपले दिवस मोजावे लागतात. भावजयीविषयीचा कडवटपणा या ओव्यांत भरपूर आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. ज्या बाईविषयी तो व्यक्त होतो, तीदेखील दुसऱ्या एका घराची सासुरवाशीण लेक आहे आणि आपल्या माहेरच्या भावजयीविषयी तीही जात्यावर हेच गात असणार, एवढे मात्र वाचकाने लक्षात ठेवलेले बरे.

स्वतःचे दुःख थेट सांगणे जिथे अवघड होते, तिथे सीता मदतीला आली. मराठी बायकांच्या ओव्यांतले रामायण हे रामाच्या पराक्रमाचे नसून प्रामुख्याने सीतेच्या वनवासाचे आहे. लंकेतल्या युद्धाला तिथे फारसे महत्त्व नाही. रामाने गर्भवती सीतेला रानात धाडणे, रानात तिचे बाळंतपण होणे, तिथे तिला शेक द्यायला किंवा बाळाला न्हाऊ घालायला कोणी बाई नसणे, लहुअंकुशांचा पाळणा हलवणे, या गोष्टींना मोल आहे. बाळंतिणीला काय काय लागते हे सांगणाऱ्या बायकांना ते अनुभवाने माहीत होते, त्यामुळे सीतेजवळ काय काय नव्हते याची यादी त्यांनी फार बारकाईने केली आहे. काही ओव्यांत कैकेयी ही सीतेची छळ करणारी सासू होते, तर काहींत सीता आपला सासुरवास जगातल्या सगळ्या बायकांत वाटून टाकते. लोकगीतांतल्या या सीतेचा सविस्तर मागोवा डॉ. तारा भवाळकर यांनी ‘सीतायन’ या ग्रंथात घेतला आहे. रामाला देव मानणाऱ्या, त्याच्या नावाने दळण सुरू करणाऱ्या बायका सीतेच्या प्रसंगी रामाला दोष द्यायला कचरत नाहीत, हे या ओव्यांचे नैतिक धैर्य आहे आणि ते कोणत्याही ग्रंथाच्या आधाराविना आलेले आहे.

या मायेलाही तिच्या काळाच्या मर्यादा होत्या. मुलाच्या जन्माचा आनंद आणि मुलीच्या जन्माची काळजी या ओव्यांत शेजारी शेजारी उभ्या आहेत. लेक ही दुसऱ्याच्या घरचे धन, तिला वाढवून परक्याच्या हाती द्यायचे, ही समजूत गाणाऱ्या बायकांनी स्वतः सोसूनही पुढच्या पिढीला दिली. तरीही लेकीविषयीच्या ओव्या संख्येने कमी नाहीत आणि ज्या आहेत त्यांतली तगमग वेगळीच आहे, कारण आपण भोगले ते हिलाही भोगावे लागणार हे आईला दिसत असते आणि ते थांबवणे तिच्या हाती नसते. मूल नसलेल्या बाईच्या ओव्यांत तर माया करायला कोणी नसण्याचे दुःख आणि त्यावरून ऐकावे लागलेले बोल हे दोन्ही आहे.

दळण हे सगळ्यांच्या घरात सारख्याच अर्थाने होत नव्हते, हेही नमूद केले पाहिजे. नवरा गेल्यावर किंवा त्याने टाकल्यावर लोकांची दळणं दळून मुलांना वाढवणाऱ्या बायका गावोगावी होत्या आणि मराठी चरित्रांमध्ये ‘आईने दळण-कांडण करून शिकवले’ हे वाक्य आजही भेटते. अशा बाईला आपल्या चुलीचे पीठ दळायच्या आधी दुसऱ्यांच्या पायल्या संपवाव्या लागत आणि मोबदल्यात बहुधा थोडे धान्यच मिळे. कोणत्या जातीतल्या बाईने दळायचे की नाही, तिने धान्याला हात लावायचा की नाही, हे जातिव्यवस्था ठरवत असल्यामुळे दलित बायकांना हे कामसुद्धा सवर्ण घरांत मिळत नसे आणि त्यांचे कष्ट गावकीच्या व शेताच्या कामांत खर्ची पडत. त्यांच्या घरातले जाते मात्र त्यांचे स्वतःचे होते, आणि त्या जात्यावरच्या ओव्यांनी विसाव्या शतकात जे वळण घेतले त्याचा विचार पुढे करावाच लागेल.

साहित्यात या अनुभवाला पहिल्यांदा आपल्या नावाने जागा मिळवून देणारी कवयित्री म्हणजे संत जनाबाई. आजच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची ही मुलगी लहानपणी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी राहायला आली आणि संत नामदेवांच्या त्या मोठ्या कुटुंबात दासी म्हणून तिचे आयुष्य गेले. झाडणे, पाणी भरणे, दळणे, कांडणे, गोवऱ्या वेचणे हीच तिची दिनचर्या होती आणि तिच्या अभंगांतला विठ्ठल तिला या दिनचर्येतून सोडवत नाही. तो त्याच कामांत तिच्या जोडीला येतो. तो जात्याचा खुंटा धरतो, शेणी वेचायला तिच्यामागे रानात जातो आणि तुळशीच्या बनात वेणी सोडून बसलेल्या जनीच्या डोक्याला लोणी चोळतो. यातला शेवटचा प्रसंग विशेष विचार करण्याजोगा आहे, कारण लेकीचे केस उकलून तेल लावणे हे आईचे काम असते, आणि आईबापांवेगळ्या वाढलेल्या दासीच्या वाट्याला ते कधीच आलेले नसते. तिने देवाकडे मोक्षाइतकेच हेही मागितले आणि आपल्या अभंगात ते मिळवले. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनाबाईचे म्हणून दाखवले जाणारे जाते आहे आणि वारीला आलेल्या बायका त्याला हात लावून पुढे जातात. त्या हाताला दळणाची सवय असण्या-नसण्याने त्या स्पर्शाचा अर्थ नक्कीच बदलत असणार.

विसाव्या शतकात या मायेचे सर्वांत परिचित रूप साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये आले. 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातली आई कोकणातल्या कर्जबाजारी होत गेलेल्या घरातली आहे. सावकाराचा तगादा, आजारपण, अपमान हे सगळे त्या घरात आहे आणि मुलावरचे संस्कार त्या ओढगस्तीच्या मधोमध घडतात. हे पुस्तक केवळ रडवणारे आहे असे मानणाऱ्यांनी त्यातला पैशाचा व्यवहार पुन्हा वाचावा, म्हणजे आईच्या प्रत्येक हळव्या प्रसंगाच्या मागे कोणती टंचाई उभी आहे ते दिसेल. मात्र या पुस्तकात बोलतो तो मुलगा. आईच्या कष्टांची कृतज्ञ आठवण मुलाने सांगणे आणि कष्ट करणाऱ्या बाईने ते करता करता स्वतः बोलणे यांत मोठे अंतर आहे, आणि हे अंतर स्वतः साने गुरुजींना जाणवले असावे असे मानायला जागा आहे, कारण त्यांनी पुढे बायकांच्या तोंडच्या ओव्या मोठ्या निष्ठेने गोळा करून ‘स्त्रीजीवन’ या संग्रहात विषयवार मांडल्या. मराठी बायकांच्या मौखिक रचनेकडे साहित्य म्हणून पाहायला सुशिक्षित वाचकाला ज्यांनी शिकवले, त्यांत या संग्रहाचे स्थान फार वरचे आहे. डॉ. सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीच्या माध्यमातून हेच काम पुढे अनेक खंडांत विस्तारले.

बाईने स्वतः बोलणे म्हणजे काय, याचा सर्वांत तेजस्वी पुरावा खानदेशातून मिळाला. जळगावजवळच्या आसोदे गावी 1880 मध्ये जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. लहान वयात लग्न झाले, तिशीच्या सुमारास वैधव्य आले आणि शेत, घर, मुले हे सारे त्यांनी पुढे स्वतः सांभाळले. शेतात आणि घरोटावर, म्हणजे त्यांच्या बोलीतल्या जात्यावर, काम करता करता सुचलेली त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि एका आप्ताने उतरवून ठेवली. 1951 मध्ये बहिणाबाईंचे निधन झाल्यावर सोपानदेवांनी ती आचार्य अत्रे यांना दाखवली आणि 1952 मध्ये ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. वैधव्यावरच्या त्यांच्या कवितेत, सौभाग्याची म्हणून समाजाने दिलेली चिन्हे काढून घेतली गेल्यावर आपल्या अंगावर आणि अंगात काय शिल्लक आहे याचा हिशेब एक बाई मांडते आणि त्या शिल्लकीच्या बळावर नशिबाला सामोरी जाते. दुःख तिथे कमी लेखलेले नाही. पण दया मागण्याचा सूर त्या कवितेत कुठेच नाही. लेकरांविषयीचे प्रेम आणि उद्या सकाळी शेतावर जायचे आहे ही जाणीव या दोन्ही गोष्टी त्या कवितेत एकमेकींना धरून उभ्या आहेत, आणि जात्यावरच्या ओवीच्या परंपरेत वाढलेल्या मनालाच हे इतक्या सहजतेने जमू शकते.

बहिणाबाईंना सोपानदेव मिळाले. ज्यांना असे कोणी मिळाले नाही, अशा हजारो बायकांच्या ओव्या नोंदवण्याचे काम पुण्यातल्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रेंच असलेले गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी 1980 च्या दशकात हाती घेतले. मुळशी, मावळ भागातल्या डोंगराळ गावांमध्ये गरीब डोंगरी संघटनेबरोबर काम करताना, या बायकांचे म्हणणे समजून घ्यायचे तर त्यांच्या ओव्या ऐकायला हव्यात, हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यातून महाराष्ट्रातल्या एक हजाराहून अधिक गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह उभा राहिला. पुढे संगीत आणि संगणक या दोन्ही विषयांचे जाणकार बर्नार्ड बेल त्यात सहभागी झाले आणि बऱ्याच ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. पॉइटव्हँ 2004 मध्ये गेले आणि राईरकर 2010 मध्ये गेल्या. त्यांचा हा ठेवा नंतर ‘पारी’ या संस्थेने आपल्या संकेतस्थळावर गायिकांची नावे, गावे आणि आवाज यांसह प्रकाशित करायला घेतला. गायिकेचे नाव ओवीला जोडले जाणे ही या कामातली फार मोलाची गोष्ट आहे. लोकसाहित्य म्हणजे कोणाचेच नाव नसलेले साहित्य, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली होती आणि तिचा तोटा नेमका ज्यांनी रचले त्यांनाच झाला होता.

या संग्रहात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगर वस्तीतून नोंदलेल्या, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयीच्या ओव्या आहेत आणि ओवीचा हा छंद किती जिवंत होता हे त्यांच्याइतके दुसरे काही सांगत नाही. रचनेची चौकट जुनीच आहे. देवाच्या जागी भीमराव आणि बुद्ध येतात, माहेरच्या भावाच्या जागी बाबासाहेब येतात आणि बहिणीने भावाचे जे कौतुक करायचे ते सारे त्यांच्या वाट्याला येते. त्यांचा पोशाख, त्यांच्या येण्याची वाट, त्यांच्या पत्नी रमाबाईंनी काढलेले दिवस, त्यांच्या जाण्याचा शोक हे सगळे घरातल्या माणसाबद्दल बोलावे तसे बोललेले आहे. ज्यांना गावच्या देवळात प्रवेश नव्हता त्या बायकांनी दळणाच्या पहिल्या ओवीचा मान ज्याला दिला, तो माणूस त्यांच्यासाठी केवळ नेता नव्हता. त्यांच्या ओव्यांत शिक्षणाचा, स्वाभिमानाचा आणि मिळालेल्या हक्काचा उल्लेख मायेच्याच शब्दांत येतो, आणि राजकीय जाणीव व घरगुती जिव्हाळा यांत या बायकांनी फरक केला नाही, ही गोष्ट विचारवंतांच्या लेखनात क्वचितच इतक्या स्वच्छपणे आढळते.

गेल्या शतकाच्या उत्तरार्धात गावोगावी पिठाची गिरणी आली आणि रोजचे दळण संपले. ओव्या संपल्याची हळहळ व्यक्त करणाऱ्यांनी त्या बायकांचे खांदे आणि हाताचे घट्टे आठवावेत. गिरणीचे स्वागत सर्वांत आधी त्यांनीच केले आणि ते योग्यच होते. पहाटेची झोप मिळणे, तान्ह्या मुलाला नीट घेऊन निजता येणे हीदेखील माया आहे आणि ती शेकडो वर्षे नाकारली गेली होती. ते काम गेले याचे दुःख करण्याचे काहीच कारण नाही. प्रश्न आहे तो बोलण्याच्या जागेचा. दोघी जणींनी रोज ठरावीक वेळी समोरासमोर बसून, कोणाच्या परवानगीवाचून, आपापले मन एकमेकींपुढे ठेवायची ती जागा होती. बचत गटाच्या बैठका, भजनी मंडळे, शेतावरच्या मजूर बायकांचे जेवणाचे अर्धे तास यांनी ती काही प्रमाणात भरून काढली आहे, पण या ठिकाणी काय बोलले जाते आणि कशा शब्दांत, हे टिपणारा नवा राईरकर-पॉइटव्हँसारखा प्रयत्न अजून व्हायचा आहे.

जाते आज बहुतेक घरांत लग्नापुरते बाहेर निघते. त्याला हळदीकुंकू वाहतात, खुंट्याला सूत गुंडाळतात, सुवासिनी हळकुंडे दळण्यासाठी हात लावतात आणि घाण्याच्या वेळी म्हणायच्या गाण्यांपैकी एखादे वयस्क बाईच्या तोंडून ऐकायला मिळते. अशा वयस्क बायकांच्या पिढीतल्या ज्यांना शंभर-दोनशे ओव्या पाठ आहेत, त्या आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत. त्यांच्याकडून ओव्या लिहून घेताना आजवरच्या छापील संग्रहांनी केलेली एक चूक टाळायला हवी: छंद नीट दिसावा म्हणून मधली संबोधने, पुनरावृत्ती आणि लांबवलेले उच्चार गाळून दोन नेटक्या ओळी तेवढ्या छापल्या गेल्या. ‘बाई’ आणि ‘सई’ ही संबोधने पादपूरणासाठी आलेली नव्हती. समोर कोण बसली आहे आणि तिच्याशी आपले काय नाते आहे, हे सांगणारे ते शब्द होते. ते गाळल्यावर ओवी उरते, पण ती कोणाला सांगितली जात होती ती बाई मात्र ओवीतून उठून जाते. ओवी जशी म्हटली गेली तशी, तिच्या थांबण्यासकट आणि परतून येण्यासकट उतरवून घेणे हे फारसे अवघड नाही. त्यासाठी हातातल्या फोनचे ध्वनिमुद्रण पुरेसे आहे आणि म्हणणाऱ्या बाईचे नाव, तिचे माहेर आणि तिचे सासर ही दोन्ही गावे तिच्या संमतीने शेजारी लिहून ठेवणे पुरेसे आहे.